वीतभर भिंत

आमच्या शेजारीणबाई रूलफीन यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द एकदाही उच्चारले नव्हते. बटाटे अळणी झाले तर बटाटेच वाईट निघालेले असायचे. सायकलवरून पडून हात मोडला, तेव्हा नगरपालिकेने रस्ता वाकडा बांधलेला होता. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरला ते कसं घालावं हेही त्यांनी सांगितलं आणि त्या बिचाऱ्याने ऐकलं. हे सगळं मी त्यांचं कौतुक करायला लिहितोय, ते आधीच सांगून ठेवतो. नाहीतर वाचणारा म्हणेल, एगबर्टला पेन्शनीत शेजारणीची उणीदुणी काढण्याशिवाय दुसरा उद्योग नाही.

त्यांची आणि आमची भिंत एक. विटांच्या वीस घरांची ही रांग गृहसंस्थेची, आम्ही सगळे भाडेकरू. भिंती बाहेरून देखण्या आणि आतून पोकळ. हिवाळ्यात वारा घरात असा शिरायचा, जणू भाडं तोच भरतो. थंडीत खिडकीकडे पाठ करून आमच्या गल्लीत कोणी बसत नसे. नको असलेल्या पाहुण्याला तेवढी ती जागा द्यायची, म्हणजे तो लवकर उठतो.

अशा घरात रूलफीनबाईंचा संसार म्हणजे काटकसरीची शाळाच. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला तर त्या दुसऱ्याच्या घरातलाही विझवून यायच्या. झोपण्याआधी हीटर बंद. ‘झोपलेल्या माणसाला ऊब कशाला हवी? दुलई कशासाठी असते?’ सकाळी उठल्या की वरच्या खिडक्या सताड उघड्या, दुलया चौकटीवर बाहेर टाकलेल्या, मग बाहेर दव असो की बर्फ. घर तासभर वाऱ्यावर ठेवलं नाही तर ते शिळं होतं, हा त्यांचा सिद्धान्त. कॉफीबरोबर माणशी एक बिस्कीट, आणि डब्याचं झाकण लगेच बंद. अर्थात यात त्यांचं एकटीचं काही नाही. आम्ही सगळेच तसे, त्या दोन पावलं पुढे इतकंच.

आता माझ्या बायकोबद्दल सांगतो. लामीची नजर हळूहळू गेली आणि दहा वर्षांपूर्वी पूर्ण गेली. पण आमच्या घरात नवख्या माणसाला ते चटकन कळत नाही. स्वयंपाकघरातून वाफाळत्या कॉफीचा ट्रे घेऊन ती निघते, उंबरठा ओलांडते, कपाटाला वळसा घालते आणि ट्रे टेबलावर ठेवते. थेंब सांडत नाही. मग खिडकीशी जाऊन जिरेनियमच्या कुंडीत बोट खुपसून माती सुकली का ते बघते. याच लामीला आम्ही एकदा लेकीकडे झ्वोल शहरात नेलं होतं. नवा फ्लॅट, सगळं प्रशस्त आणि गुळगुळीत. आठवडाभर ती एका खुर्चीत बसून राहिली, स्टेशनवर ठेवलेल्या सामानासारखी. परत येताना बसमध्ये म्हणाली, “एगबर्ट, मला पुन्हा दुसऱ्या घरात ठेवू नकोस.” मी जन्मभर बस चालवली, पण बसमध्ये कधी रडलो नव्हतो. त्या दिवशी रडलो. मोठ्याने नाही, पण तिला कळलं.

त्यामुळे गृहसंस्थेची योरिंडे सायकलवरून भिजत आली आणि तिने आम्हा सगळ्यांना सभागृहात जमवून दोन वाटा सांगितल्या, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. पहिली वाट: घराची जुनी दर्शनी भिंत काढायची आणि उबदार पदार्थ ठासून भरलेली नवी जाड भिंत बसवायची. छपरावर नवं छप्पर, गॅस बंद, मागच्या अंगणात हवेतली ऊब ओढून घेणारा पंप. घरं आतून होती तशीच राहणार आणि माणसंही जागची हलणार नाहीत. दुसरी वाट: रांग पाडायची आणि आम्हाला गावभर जिथे जागा मिळेल तिथे पांगवायचं. पहिली वाट हवी तर शंभरातल्या सत्तर भाडेकरूंनी हो म्हणायला हवं, असा कायदा. वीस घरांत चौदा सह्या.

“पाडणार-बिडणार काही नाहीत,” टोकाच्या घरातला वुबो म्हणाला. वुबोची टोपी झोपतानाच उतरत असावी. “नुसती धमकी आहे. संस्था एका हाताने देते आणि दोन हातांनी काढून घेते. आणि पंप म्हणे! मी वाचलंय त्याच्याबद्दल. फ्रिज उलटा करून ठेवलाय. फ्रिजवर शेकून कोण जगलंय आजवर?”

लोक हसले. वुबोचं बोलणं गल्लीत चालतं, कारण तो खरोखरच पुष्कळ वाचतो, फक्त शेवटपर्यंत वाचत नाही.

योरिंडे म्हणाली, “आधी एकच घर करू. हिवाळ्यात तुम्ही सगळे तिथे येऊन बसा, अंगावर अनुभव घ्या, मग सही करा. कोणाचं करायचं?”

सगळ्यांनी आपापल्या कॉफीत डोकं घातलं. “तुमच्या साहेबांचं करा,” वुबो म्हणाला.

“माझं करा,” रूलफीनबाई म्हणाल्या.

घरी परतताना मी विचारलं, “शेजारीणबाई, तुम्हाला पटलंय का हे?”

“अजिबात नाही. चांगली भिंत काढून दुसरी लावायची, हे का शहाणपण आहे?”

“मग?”

त्या थांबल्या आणि माझ्याकडे बावळटाकडे बघावं तसं बघितलं. “एगबर्ट, लामीची सख्खी शेजारीण कोण?”

आमच्या भागात सख्खा शेजारी हा नुसता बोलायचा शब्द नाही. मूल जन्मलं की पहिली हाक त्याला, माणूस गेलं की पहिली कडी त्याच्या दाराची. आणि त्याने नाही म्हणायचं नसतं. लामीची नजर गेली तेव्हा महिनाभर आमची चूल याच बाईने सांभाळली होती आणि रोज सांगितलं होतं की आमचे चमचे चुकीच्या खणात आहेत.

नोव्हेंबरात त्यांची भिंत बदलली. हे काम मी फुकट बघायला मिळालं म्हणून बघितलं, तिकीट असतं तरी काढलं असतं. सकाळी क्रेन आली. दुपारच्या आत घराचं तोंडच गायब, आणि आत रूलफीनबाई आपल्या खुर्चीत बसून बटाटे सोलतायत. सगळी गल्ली समोरच्या फूटपाथवर उभी. “काय बघताय?” त्या ओरडल्या. “कधी बटाटे बघितले नाहीत?” मग लांबलचक ट्रकमधून नवी भिंत आली, अख्खी, खिडक्या, काचा, दार सगळं आधीच बसवलेलं. क्रेनने ती उचलली आणि चार माणसांनी नुसत्या तळहातांनी ढकलत ती इतक्या अलगद जागेवर बसवली की माझ्या अंगावर काटा आला. अंधार पडायच्या आत घराला नवं तोंड आलं होतं.

दुसऱ्या दिवशी लामी माझा हात धरून तिकडे आली. रूलफीनबाईंचं घर म्हणजे आमचंच, पण आरशातलं. डावं ते उजवं. म्हणून लामी तिथे नेहमी अडखळते. तिने खिडकीच्या आतली कड चाचपली. भिंत बाहेरून जाड झाली होती, त्यामुळे काच पुढे गेली होती. लामीने वीत टाकून मोजलं.

“एवढंच? वीतभर?”

“एवढंच,” योरिंडे म्हणाली. “बाकी घरातलं काही हलत नाही.”

“वीतभर मी शिकेन,” लामी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला की मला त्याच क्षणी सगळ्या चौदा सह्या मिळाल्यासारखं वाटलं.

जाताना योरिंडेने रूलफीनबाईंना दोन गोष्टी समजावल्या. भिंतीवरचं तापमानाचं बटण एकदा लावलंय, त्याला रात्री-दिवसा हात लावायचा नाही. पंप हळूहळू तापवतो, पण सतत. आणि ताजी हवा माळ्यावरची पेटी आत घेते, गार हवा आधी कोमट करून. तेव्हा थंडीत खिडक्या उघड्या टाकायची गरज नाही. रूलफीनबाईंनी मान हलवली. मीही तिथे होतो, मीही मान हलवली. योरिंडे मूळची शहरातली. आमच्याकडे मान हलवणं म्हणजे ऐकू आलं, इतकंच असतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

जानेवारीत गावातला कालवा गोठला. अनुभव घ्यायला याहून चांगली थंडी कुठली, म्हणून योरिंडेने शनिवारी सकाळी सगळ्यांना रूलफीनबाईंकडे कॉफीला बोलावलं. सह्या पुढच्या गुरुवारी व्हायच्या होत्या. दाटीवाटीने सगळे बसलो आणि पाच मिनिटांत प्रत्येकाला कळलं की खोली गार आहे. थोडीथोडकी नाही, चांगली गार. कपांतून वाफ निघत होती आणि वुबोच्या तोंडातूनही.

“वा!” तो म्हणाला. “फ्रिज उत्तम चाललाय. रूलफीन, दूध बाहेर ठेवलंस तरी नासायचं नाही आता.”

मागच्या दाराने, पंप बघतच आत आलेली योरिंडे लालबुंद झाली. ती पंपापाशी गेली, कान लावून आली, बटण बघून आली. “सगळं ठीक दिसतंय,” ती पुटपुटली. “बटणही बरोबर आहे. मला कळत नाही.”

“मला कळतंय,” वुबो म्हणाला आणि मफलर घट्ट केला. रूलफीनबाई ताठ बसून होत्या. “मी तर म्हटलंच होतं,” एवढंच बोलल्या. डब्याचं झाकण लावलं आणि लोक उठले.

त्या दिवशी घरी आल्यावर लामी स्वयंपाकघरात गेली आणि सगळी भांडी काढून पुन्हा जागेवर लावली. मग कपाटाला हात लावत, दाराला हात लावत, जिन्याच्या कठड्याला हात लावत घरभर फिरली. निरोप घेत होती ती. मी वाटाण्याच्या सुपाच्या भांड्याकडे बघत बसलो आणि मनातल्या मनात पंप बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

सोमवारी सकाळी पाव आणायला निघालो. झाडं पांढरी झालेली, नाक बधिर. रूलफीनबाईंच्या घरावरून रोजच्यासारखा पुढे गेलो. वरच्या खिडक्या रोजच्यासारख्या सताड उघड्या, दुलया रोजच्यासारख्या बाहेर. आणखी चार घरं तशीच, त्यात आमचंही. बेकरीच्या दारात पोचलो आणि एकदम पाय थबकले. पाव न घेताच परत फिरलो. बाई स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून भांडी घासत होत्या.

“शेजारीणबाई, खिडक्या उघड्या आहेत!”

“मग? सकाळ आहे.”

“आणि रात्री बटण?”

“कुठलं बटण?”

“तुम्हाला चांगलं माहितेय कुठलं!”

“झोपताना खाली करते. उठले की परत होतं तिथे लावते. अगदी रेघेवर. मी काय तुला अडाणी वाटले?”

“योरिंडेने काय सांगितलं होतं?”

“ती पोर तिशीचीही नाही. मी लग्न होऊन आल्यापासून हे घर चालवतेय. अंथरुणात घोरत पडायचं आणि इकडे शेगडी पेटती ठेवायची? असं माजोरी लोक करतात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “तुमच्या काटकसरीपायी अख्खी रांग पडेल! लामी त्या खुर्चीत बसून मरेल, आणि तुम्ही म्हणाल खुर्चीच वाईट होती!” दार आपटून मी निघून आलो.

लामीने भिंतीतून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं ती माझी पाठ थोपटेल. ती म्हणाली, “ज्या बाईने माझ्यासाठी घराची भिंत उतरवून दिली, तिच्यावर तिच्याच घरात ओरडलास?” आणि काठी घेऊन, कुंपण चाचपत, एकटी त्या उलट्या घरात गेली.

बऱ्याच वेळाने आली. “काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“काही नाही. कॉफी घेतली.”

“एवढा वेळ?”

“त्या हातांवर बसल्यात, एगबर्ट. खरंच. दोन्ही हात मांडीखाली घालून. मी त्यांचा हात शोधला तर सापडेना. म्हणाल्या, हात मोकळे सोडले की बटणाकडे जातात.”



मंगळवारी त्यांच्या खिडक्या बंद होत्या. बुधवारीही. गल्लीत कुजबूज सुरू झाली. “रूलफीन आजारी आहे का?” बेकरीतल्या बाईने मला विचारलं. “दुलया दिसल्या नाहीत.” वुबोने मात्र तोवर घरोघरी फिरून निकाल लावून टाकला होता. माझ्या हिशेबात सह्या सहाच्या पुढे जात नव्हत्या.

गुरुवारी संध्याकाळी सभागृहात योरिंडे कागद घेऊन बसली होती, पडलेल्या चेहऱ्याने. वुबो उठून म्हणाला, “बोलायचं काय उरलंय? आपण सगळ्यांनी शनिवारी बघितलं.”

तेव्हा रूलफीनबाई उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

“यंत्राचं चुकलं नाही,” त्या म्हणाल्या. मग इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, आता खाली बसतील. “माझं चुकलं.”

सभागृहात कोणीतरी चमचा खाली ठेवला, तेवढाच आवाज.

“रोज झोपताना मी ते बंद करत होते आणि सकाळी तासभर खिडक्या उघड्या टाकत होते. शनिवारीही टाकल्या. ही पोर नको म्हणाली होती, मी ऐकलं नाही. तुम्ही माझ्याकडे थंडीत कुडकुडलात, ती थंडी माझी होती. आणि वुबो, दात काढू नकोस. आज सकाळी तुझीही दुलई बाहेर लोंबत होती. शनिवारी तुम्ही सगळे माझ्या उघड्या खिडक्यांखालून आत आलात, कोणाला तरी काही वेगळं दिसलं का? नाही दिसलं. कारण तुम्ही माझ्याइतकेच... असो. सोमवारपासून मी कशाला हात लावलेला नाही. उठा. कोट घाला आणि चला माझ्याकडे.”

आणि लोक उठले. बाकीचं काही नाही तरी, रूलफीनबाई चुकल्या म्हणतात हे ऐकल्यावर जागेवर बसून राहणं कोणाला जमलं असतं?

दार उघडलं आणि ऊब अंगाला लागली. शेगडीजवळ भाजते तशी नव्हे. कोपऱ्यात, जिन्यात, संडासाच्या दाराशी, सगळीकडे सारखी. लोकांनी आधी मफलर सोडले, मग कोट. वुबो उभाच होता. त्याने भिंतीला हात लावला, जमिनीला हात लावला, मग वाकून खुर्चीखाली बघितलं.

“हीटर लपवलेला नाही,” रूलफीनबाई म्हणाल्या. “टोपी काढ, नाहीतर बाहेर गेल्यावर सर्दी होईल.”

त्याने टोपी काढली. त्याला पूर्ण टक्कल आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

गर्दीत मी लामीला मिळेल त्या खुर्चीत बसवलं होतं. ती म्हणाली, “मला कुठे बसवलंस रे?”

“खिडकीशी. पाठ खिडकीकडे आहे.”

“चल, काहीतरीच.” तिने हात मागे नेला. काच लागली. मानेवर हात फिरवला, पुन्हा काचेला लावला. “शेजारीणबाई,” तिने हाक मारली, “खिडकी बंद आहे?”

“बंद आहे,” रूलफीनबाई म्हणाल्या. “आणि मला ते फार जड जातंय.”

कागद त्या खिडकीच्याच रुंद कडेवर ठेवून सह्या झाल्या. सतरा. वुबोची शेवटची. “पुष्कळ वाचल्यावर माणसाने एकदा बसूनही बघावं,” तो म्हणाला आणि हे आपलं आधीपासूनचं मत असल्यासारखं इकडेतिकडे बघितलं. रूलफीनबाईंनी बिस्किटांचा डबा फिरवला. सगळ्यांनी एकेक घेतलं आणि सवयीने थांबले. झाकण लागलं नाही. “घ्या अजून एक,” त्या म्हणाल्या, “मी उगाच उघडा ठेवला नाही.” उभ्या आयुष्यात मी इतकी मोठ्या मनाची बाई पाहिली नाही. तेव्हा हे बोलायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहितो.

आमची भिंत एप्रिलात बसली. माणसं गेल्यावर लामी स्वयंपाकघरातून निघाली, उंबरठा, कपाट, टेबल, खिडकी. कुंडीपलीकडे हात नेला, काच लागेना. वीतभर पुढे नेला, लागली. दोनदा असं केलं. “झालं,” म्हणाली. “पाठ झालं.” आणि आत जाऊन कॉफीचा ट्रे घेऊन आली. मी ट्रेकडे बघत होतो. थेंब सांडला नाही.

नोव्हेंबरातल्या पहिल्या कडक सकाळी मी अर्धवट झोपेत उठलो, हाताच्या सवयीने वरची खिडकी सताड उघडली आणि दुलई बाहेर टाकली. दोन घरांमधली भिंत जुनीच आहे, पातळ. तिच्यावर ठोके पडले.

“एगबर्ट! खिडकी लाव! लामी गारठेल!”

मी खिडकी लावली. “माझं चुकलं, शेजारीणबाई!”

“मग काय, माझं?” भिंतीतून उत्तर आलं.